कारण : कोळी

सोहारच्या बंदरामागे, पाइपांच्या गोदामाला लागून
आमचा दवाखाना : पत्र्याचा एक कंटेनर,
दोन खाटा, एक फ्रिज, आणि मी, मिरजेची.
नोंदवहीत 'कारण' हा रकाना अरुंद आहे.
त्यात एकच शब्द नीट मावतो.

पहाटे साडेचारला, बस सुटायच्या आधी, रांग लागते.
दिलशाद पोटरी पुढं करतो : मकडी, सिस्टर.
टेकबहादुर मान वळवतो : माकुरो.
मोफिजुल तळपाय उचलतो : माकोडशा.
आणि हणमंत गुरव, जतचा, आपलं माणूस म्हणून
कानाशी येऊन सांगतो,
रात्रीत कातीण फिरली बघा.
चार भाषा, आरोपी एक.
पाहिलात का त्याला?
नाही. कुणीच पाहिलेला नसतो.

दिलशादच्या पोटरीवर तीन टिपके, एका ओळीत.
तो ढेकूण. तोच असा पंगतीला बसतो.
टेकबहादुरच्या मानेवर केसतोड,
घामानं आणि तिघांत मिळून एका टॉवेलानं पिकलेलं.
हणमंतच्या कमरेला फोडांचा पट्टा, एकाच अंगाला :
ती नागीण, बाबा. कोळी नाही, आणि साप तर नाहीच.
लहानपणच्या कांजिण्या इतकी वर्षं आत दडून होत्या.
तो म्हणतो, मग गेरू लावू का?

खोल्यांतून रात्री मोबाइल फिरतो.
त्यात वाळवंटातला तो ताटाएवढा, उंटाचं पोट फाडणारा.
मी पाहिलाय. तळहातात मावेल एवढा,
दिव्याखाली किडे धरत होता.
त्याला विष नाही. तो कोळीसुद्धा नाही.
हे सांगितलं की सगळे माझ्याकडे
मी कंपनीची माणूस असल्यासारखं बघतात.

रमजानमध्ये दुपारी काम लवकर थांबतं,
तेव्हा एकदा जुनी पानं मोजली.
सहा वर्षं. दोनशे एकतीस कोळी.
खरे दोन.

एकाला दुपारपर्यंत आठवतही नव्हतं कुठं चावलं ते.
दुसरा थंकप्पन, स्टोअरवाला.
हातमोजा न झटकता घातला,
आणि जिनं डसलं तिला लोणच्याच्या बाटलीत घेऊन आला :
काळी, वाटाण्याएवढी, पोटावर लाल खूण,
कुंकू पुसायचं राहून गेल्यासारखी.
बोटावर काही नाही. सुईचं टोक.
तासाभरात अंगाचं पाणी पाणी,
पोट लाकूड,
आणि एवढा दांडगा माणूस आईला हाका मारत होता.
चौथ्या दिवशी आला. बाटली परत मागितली.
धुऊन दिली.

डॉक्टर इद्रिस, सुदानचे, मंगळवारी येतात.
म्हणतात, माणूस काही त्याच्या जेवणात नसतो;
चिरडत असेल तेव्हाच तो तोंड उघडतो.
सुपरवायझर म्हणतो, कोळीच लिहा सिस्टर, सोपं पडतं.
पडतंच.
कोळी लिहिला की गाद्या जाळाव्या लागत नाहीत,
पिंपावर काय होतं ते कुणी विचारत नाही.
कोळ्याला ठेकेदार नसतो.

मोफिजुलचा तळपाय.
अकरा दिवस त्यानं वर टूथपेस्ट लावली.
साखर चारशेच्या पुढं होती, त्याला ठाऊक नव्हतं.
मला ठाऊक असायला हवं होतं :
पहिल्या दिवसाच्या नोंदीत अक्षर माझंच आहे.
बसचा हॉर्न वाजत होता, रकाना अरुंद होता.
दोन बोटं गेली.

आता मी रकाना ओलांडून लिहिते,
समासात, तारखेवरून, सहीच्या जागेवरही.
एसीच्या मागं एक जाळं आहे, ते झाडत नाही.
माश्या कमी झाल्यात.

मोफिजुलला मागच्या गुरुवारी घरी पाठवला.
विमानतळावर बूट काढायला लावले असतील,
कुणी तरी खाली बघितलं असेल,
विचारलं असेल, काय झालं रे.
तो काय म्हणाला असेल
ते मला माहीत आहे.